कोबीच्या राजाचा कोट

यंदा मी राजा होणार नाही, हे मी शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, लोकरी कोटाची बटणे लावता लावता, बायकोला इतक्या ठामपणे सांगितले, की क्षणभर माझा माझ्यावरच विश्वास बसला.

गेशे प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून स्वयंपाकघरात बसली होती. जानेवारीत पायरीवरच्या बर्फाने तिचा घोटा मोडला, म्हणून यंदा ती कोबीच्या यात्रेला येणार नव्हती. पावावर लोणी लावत, माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "गेल्या खेपेला राजा झालास, तेव्हा काय म्हणाला होतास?"

"गेल्या खेपेला माझ्याजवळ बेत नव्हता."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने लोण्यावर चीज ठेवले. या एका 'बरं'मध्ये आमच्या संसाराची सव्वीस वर्षे मावली होती.

वाचकहो, आमच्या उत्तर जर्मनीत, ओल्डेनबुर्गकडे, फेब्रुवारीत आकाश इतके खाली उतरते, की कुंपणाच्या खांबांवर टेकल्यासारखे वाटते. शेते राखाडी, ओढे राखाडी, माणसांचे चेहरेही त्याच रंगाचे. अशा वेळी शहाण्या माणसाने घरात बसावे. आम्ही हातगाडीत बाटल्या भरतो, गळ्यात दोरीने छोटे पेले अडकवतो, आणि रस्त्यावर लाकडी गोळे फेकत दहा किलोमीटर चालत जातो. प्रत्येक वळणावर पेला भरायचा, अशी रीत आहे. आमच्या रस्त्याला वळणे फार. शेवटी खानावळ येते आणि तिथे कुरळ्या पानांचा हिरवा कोबी, त्याबरोबर धुरावलेले डुकराचे मांस आणि पिंकेल, म्हणजे ओटच्या कण्या भरलेले जाडजूड सॉसेज. जेवणाआधी प्रत्येकाचे वजन होते, जेवणानंतर पुन्हा होते. ज्याचे सर्वांत जास्त वाढले, तो कोबीचा राजा. त्याच्या गळ्यात फितीला बांधलेले डुकराच्या जबड्याचे हाड घालतात, आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेची सगळी व्यवस्थाही त्याच्याच गळ्यात घालतात.

मी चार वेळा राजा झालेलो आहे.

यात्रेचा दिवस फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. तो आमच्या टोळीतल्या फोकोच्या आजोबांनी ठरवला होता, आणि तो हलवण्याची गोष्ट काढणे म्हणजे नाताळ जूनमध्ये न्यावा असे सुचवण्यासारखे होते. आणि गेशेला अकरा वर्षांपासून नेमके फेब्रुवारीतच माडेरा बेटावर जायचे होते, कारण तिथे त्या दिवसांत फुले असतात, आणि आमच्याकडे नसतात. दर वर्षी काही ना काही आडवे येत असे, आणि ते 'काही ना काही' बहुधा मीच असे. या आठवड्यात तिने शांतपणे जाहीर केले होते, की पुढच्या वर्षीची तिकिटे ती शनिवारी, मी यात्रेला निघाल्यावर, काढणार आहे. हाड गळ्यात घालून आलास तर मी एकटी जाईन, हेही तिने त्याच स्वरात सांगितले. हवामान सांगावे तसे.

म्हणून बेत. माझ्या कोटाला दोन खोल खिसे आहेत. दोन्हींत मी फ्रीजरमध्ये वापरायच्या जाड पिशव्या ठेवल्या. वजनाआधी कोट काढायचा, बाकाच्या खुंटीला टांगायचा, आणि ताटात जे पडेल त्यातले निम्मे हळूच खिशात सोडायचे. माझे वजन जागच्या जागी राहील, गेशेला रात्रीचे जेवण मिळेल. एका हालचालीत संयम आणि प्रेम, दोन्ही! चांगल्या कवितेत असते तशी काटकसर या बेतात होती.

खानावळीच्या दारातच बेत कोसळला.

फोको, म्हणजे गेल्या वर्षीचा राजा, दूधवाला शेतकरी, बटाट्याच्या पोत्यांचा जुना वजनकाटा ओसरीत घेऊन उभा होता. बाहेर उणे सहा होते, आणि आमच्या चौदा जणांच्या रांगेला आत घ्यायची त्याला घाई होती. मी बटणाला हात लावला, तर त्याने मला दंडाला धरून काट्यावर चढवले.

"राहू दे कोट," तो म्हणाला. "कोटासकट आलास, कोटासकट उतरशील."

एक्क्याण्णव किलो तीनशे. थेडाबाईंनी, म्हणजे खानावळीच्या मालकिणीने, खडूने ते पाटीवर लिहिले. म्हणजे आता दुसऱ्या वजनालाही कोट अंगावर असणार! मी बाकावर जाऊन बसलो आणि विचार केला. वाटेत बारा वळणे झाली होती, त्यामुळे विचार सुचायला वेळ लागला, पण सुचला. खिसे भरले, की स्वच्छतागृहाच्या निमित्ताने अंगणात जायचे, पिशव्या हातगाडीत टाकायच्या, आणि हलके होऊन परत यायचे. मूळ बेतापेक्षा हा सुधारित बेत मला जास्त देखणा वाटला.

फक्त सापडायचे नव्हते. कारण ताटातले लपवणाऱ्याला सलग दोन वर्षे राजा करायचे, हा नियमही फोकोच्या आजोबांचाच. त्या माणसाला मनुष्यस्वभाव कळत होता.

कोबी आला. वाफ वर गेली आणि खिडकीच्या काचा पुसट झाल्या. चौदा माणसे एकदम गप्प झाली, एखाद्या देवळात व्हावीत तशी. थेडाबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्या डावाला 'पुरे' हा शब्द ऐकू येत नाही. मी खाल्ले थोडे, खिशात सोडले बरेच. तीन पिंकेल, मांसाचे दोन जाड काप, चरबीचा एक तुकडा. फोको गोष्ट सांगताना हात फार उडवतो, आणि सगळे त्याच्या हातांकडे पाहतात. तेवढ्यात माझे काम होई.

मग मांडीवर काहीतरी ऊबदार टेकले.

थेडाबाईंची मोल्ली. लांबुळकी, आखूड पायांची कुत्री. तिने हनुवटी माझ्या उजव्या खिशावर ठेवली होती आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत असे काही होते, जे मी तरुणपणी फक्त आरशात, पहिल्या कविता लिहिताना पाहिले होते. मी उठू लागलो, तशी तीही उठली, मागच्या पायांवर उभी राहून नाचली, आणि एक लांब, आर्त सूर काढला. सगळ्या माना वळल्या. मी खाली बसलो. हनुवटी पुन्हा खिशावर आली.

दहा मिनिटांनी मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाच, पुन्हा सूर. मोल्लीला आयलर्टचा किती लळा लागलाय, असे कोणीतरी म्हणाले. थेडाबाईंनी मात्र माझ्या कोटाकडे पाहिले. एवढ्या गरम खोलीत अजून कोट का, असे त्यांनी विचारले, आणि मी जे सुचले ते बोलून गेलो. हुडहुडी भरलीय.

हे बोलायला नको होते. त्या आत गेल्या आणि मोठा वाडगाभर मांसाचा रस्सा घेऊन आल्या. तो संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग रम घातलेले गरम पाणी आणले, मग आणखी एक, आणि तिसरे खानावळीच्या वतीने. मधल्या वेळेत शेजाऱ्यांनी माझ्या प्रकृतीसाठी बिअर मागवली. मी निमूट प्यालो. पिण्याने काय होते, असा माझा समज होता. खाणे म्हणजे वजन. पिणे म्हणजे नुसती ओल. शिवाय बाकीचे आळीपाळीने बाहेर जाऊन येत होते. माझ्या मांडीवर मोल्ली होती. दोन तास मी जागचा हललो नाही, आणि दुसऱ्या तासात मला माझ्या सगळ्या आयुष्यात फक्त एकच इच्छा उरली होती. ती राजेपदाशी संबंधित नव्हती.

साडेचारला काट्याकडे बोलावले. मोल्ली माझ्या मागून आली आणि काट्याच्या पायथ्याशी बसली.

आधी फोको चढला. एक किलो सातशे वाढ. तो याही वेळी राजा होणार, असे सगळ्यांना वाटले, आणि त्याच्याइतके कोणालाच त्याचे वाईट वाटले नाही. मग मी.

काटा हलला, डळमळला, थांबला. थेडाबाईंनी चष्मा पुसला. चौऱ्याण्णव किलो दोनशे.

"दोन किलो नऊशे," फोको हळूच म्हणाला. "बरं नसताना!"

एवढा आदर मला आजवर कोणी दाखवला नव्हता. मी तोंड उघडले. खरे सांगितले, तर दोन वर्षे. गप्प राहिलो, तर एक. मी तोंड मिटले. फोकोने स्वतःच्या गळ्यातले हाड काढून माझ्या गळ्यात घातले आणि मला मिठी मारली. डाव्या खिशात काहीतरी बारीक आवाज करून फुटले.

"आयलर्ट, तुझ्या अंगालाच पिंकेलचा वास येतोय," तो म्हणाला.

"राजाला यायलाच हवा," मी म्हणालो, आणि शेवटी एकदाचा अंगणाकडे पळालो. मोल्लीसकट.

सहा वाजता फोकोच्या बायकोने मला दाराशी सोडले. गेशे होती तिथेच होती. तिने हाडाकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत ती 'बरं' म्हणेल, म्हणून मी घाईने दोन्ही पिशव्या मेजावर ठेवल्या आणि सगळी हकिकत सांगितली. राजा मी नाही, कोट आहे, हे मी तीनदा सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "स्वयंपाकाचा काटा दे इकडे."

पिशव्या तिने काट्यावर ठेवल्या. नऊशे ऐंशी ग्रॅम.

"दोन हजार नऊशेतून नऊशे ऐंशी गेले," ती म्हणाली. "उरले एक हजार नऊशे वीस. फोकोचे किती होते?"

मी सांगितले.

"म्हणजे खिसे रिकामे असते, तरी दोनशे वीस ग्रॅमने तूच."

  मी तिला सांगितले, की मी फोकोला फोन करतो, दोन वर्षांची शिक्षा घेतो, पण फेब्रुवारीत कोणाला तरी विनंती करून... ती पिशवी उघडत होती. तिने एक पिंकेल बोटांनी उचलले, गार होते तसेच मोहरीत बुडवले, आणि डोळे मिटून चावले.

"दोघांची तिकिटं मार्चची काढलीत," खाता खाता ती म्हणाली. "तू फाटकाबाहेर पडलास, त्याच्या दुसऱ्या मिनिटाला. फुलं मार्चमध्येही असतात, मी विचारलं." मग तिने दुसरे पिंकेल माझ्याकडे सरकवले. "खा. तू दुपारी काही खाल्लंच नाहीस ना?"

मी कोट काढला आणि खाल्ले. घरी, उभ्याने, पावाबरोबर, ते खानावळीतल्यापेक्षा चांगले लागले.

हातगाडी मी रंगवायला घेतली आहे. पुढच्या यात्रेत काट्यावर कोट काढूनच चढायचे, असा एक नवा नियम करावा, असे राजाच्या मनात आहे. गेशेला विचारले, तर ती म्हणाली, कर; तुला त्याने काही फरक पडणार नाही.