अजब बंगल्याची रांग

नागपूर फुकटात कसं पाहावं ते मला विचारा, असं मी त्या काळी आमच्या साऱ्या इंझोरी गावाला सांगत असे. मी नागपूर पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यापुढे एकदा बोलून गेलो की आपण दोनदा जाऊन आलोय, आणि माझ्या बायकोनं, सोजरनं, ते सात वर्षं खरं धरलं. पंचावन्न साली कापूस विकला गेला तशी ती म्हणाली, "तुमचं नागपूर मले एकडाव दाखवा."

भाकरी-ठेचा बांधून, मूर्तिजापूरला गाडी बदलून आम्ही पोचलो. माझा बेत पक्का होता. पैसे पडतील तिथं जायचं नाही, आणि कुणाला रस्ता विचारायचा नाही. दोनदा आलेला माणूस रस्ता विचारत नसतो.

बाजारात उतरलेली संत्री मातीमोल मिळत होती. सोजरनं चार खाल्ली. मी बावीस खाल्ली. मग पायी निघालो. दुपारी एक मोठी लाल इमारत दिसली. समोर बगीचा, दाराशी लांब रांग. मी सोजरला सांगितलं, हाच तो अजब बंगला, वाघ-सिंह ठेवलेला. सरकारी आहे, तिकीट नाही. रांगेतल्या लोकांचे चेहरे तेवढे उतरलेले होते. मला वाटलं, उन्हानं असेल.

खिडकीतल्या कारकुनानं नाव, गाव, वय लिहून घेतलं. मग विचारलं, काय त्रास होतो? शहरातली माणसं पाहुण्याची इतकी विचारपूस करतात हे पाहून मला भरून आलं. मी म्हणालो, तसं काही नाही, सकाळपासून पोट तेवढं दुखतंय. त्यानं चिठ्ठी देऊन सात नंबरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

वाटेत एका दालनात खाटा होत्या. एका खाटेवर एक माणूस आडवा, त्याचा पांढरा पाय वर टांगलेला.

"हे काय व्हय?" सोजरनं विचारलं.

"पुतळा," मी म्हणालो. "मेणाचा हाय. हात नको लावू."

पुतळ्यानं मान वळवून पाणी मागितलं.

सोजरनं त्याला पाणी पाजलं. हा दवाखाना आहे हे तिला तिथंच कळलं. मला कळलं ते सात नंबरात डॉक्टरनं पोट दाबलं तेव्हा. मी असा ओरडलो की बाहेरची रांग आत डोकावली. काय खाल्लं, त्यानं विचारलं. बावीस सांगायची लाज वाटली, म्हणून मी भाकरी म्हणालो. तो गंभीर झाला. आतड्याचं दुखणं दिसतं, ठेवून घेऊ, वेळ पडली तर कापावं लागेल, म्हणाला.

मला त्या पुतळ्याशेजारचीच खाट मिळाली. सोजर उशाशी बसली. आता मरायचंच आहे तर खरं बोलून मरावं, असं वाटलं.

"सोजर, म्या नागपूर कधी पाह्यलंच नाही."

ती पदरानं माझं कपाळ पुसत म्हणाली, "मले टेसनावरच समजलं. भाईर जायची वाट तुमाले सापडून नोती राह्यली."

पुतळ्याचं नाव लखीराम. टांगेवाला होता, घोड्यानं लाथ मारून पाय मोडलेला. त्याची बायको ललिताबाई सोजरला आपल्या घरी घेऊन गेली. लखीरामच्या जागी त्याचा भाऊ टांगा हाकत होता. त्यानं दोन दिवस सोजरला टांग्यातून शहरभर फिरवलं, जागेवर बसू दिलं नाही. मी खाटेवर दूध-पाव खायचो, आणि रोज संध्याकाळी सोजर येऊन सांगायची: अजब बंगल्यातला पेंढा भरलेला वाघ, तेलंगखेडीचा तलाव, ललिताबाईच्या हातचा पाटवडीचा रस्सा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं कापायची गोष्ट पुन्हा काढली. तेव्हा सोजरनं पुढे होऊन संत्र्यांचा खरा आकडा सांगितला. डॉक्टर खुर्चीत बसला. त्यानं एरंडेल दिलं. दुसऱ्या सकाळी मी पिसासारखा हलका झालो आणि आम्ही स्टेशनची वाट धरली.

गावात आल्यावर शेजारचे उकंडराव ओट्यावर येऊन बसले. त्यांनाही बायकोला नागपूर दाखवायचं होतं, आणि तेही कमी खर्चात. जाणकार माणूस संगं पाहिजे, असं म्हणून त्यांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या पंधरवड्यात तिघं नागपूरला गेले. उकंडराव, त्यांची बायको आणि वाट दाखवायला सोजर. चार दिवस दोन्ही घरच्या म्हशी मी पिळल्या.