मिरजकर काकांची फारसी

लंडनच्या ईलिंग भागातल्या इराणी दुकानात मिरजकर काका अर्धा किलो खजूर मागत, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस आपोआप उभा राही. काकांचा उभा जन्म पुण्यात जुने फारसी कागद वाचण्यात गेलेला. त्यामुळे त्यांची फारसी थेट बादशाही दरबारातली. खजूरसुद्धा ते अर्ज सादर करावा तसा मागत. पिशवी हवी का, एवढं विचारायचा त्या माणसाला धीर होत नसे.

काकू गेल्यावर मुलाने त्यांना लंडनला आणलं. दोन हजार पाचच्या सुमारास इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. मी डिप्रेशनवरच्या संशोधनात काम करते म्हटल्यावर बाकीचे जरा मागे सरकले. काका पुढे आले. "दिलगीर शब्द कुठला, माहीत आहे?"

समोरच्याच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, काका एअरपोर्टवरच्या ऑफिसरसारखे त्या शब्दाची कागदपत्रं तपासत. "नाउमेद, बेजार, हैराण. दुःखाचा सगळा माल आपण फारसीतून आणलाय," ते समाधानाने म्हणाले.

मला हा माणूस हवाच होता. स्किझोफ्रेनियाचा पेशंट गप्प बसला की ते आजारातलंच धरतात, आणि आत साचलेली उदासी राहून जाते. ती मोजायची एक इंग्रजी प्रश्नावली होती. आमच्या डॉक्टर परवीन मूळच्या इराणच्या. त्यांनी इराणी पेशंटसाठी तिचं फारसी केलं होतं. आता ते नीट उतरलंय का हे बघायला, मूळ न पाहिलेल्या कुणीतरी फारसीवरून पुन्हा इंग्रजी करायचं होतं. मी काकांचं नाव सुचवलं.

चार दिवसांत सुवाच्य अक्षरातले कागद आले. 'गेल्या दोन आठवड्यांत तुमचा मूड कसा होता?' या साध्या प्रश्नाचं काकांनी जे इंग्रजी केलं होतं, त्याचा अर्थ होता, 'गेल्या पंधरवड्यात आपल्या शुभ प्रकृतीचं वर्तमान काय?'

परवीन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माझे पणजोबा राजाला असं लिहीत असतील."

ते काम दुसऱ्याला गेलं. पण काकांना नाही कसं म्हणायचं? "त्यांनाच हे फारसी प्रश्न विचारते," परवीन म्हणाल्या. "अभ्यासात धरता येणार नाही, पण माझा सराव होईल."

काका टाय लावून आले. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. फारसी मला कळत नाही, पण काका काय करताहेत ते कळत होतं. परवीन प्रश्न विचारत, आणि काका बोट वर करून व्याकरण सुधारत. उत्तर नाहीच. तीन प्रश्न असेच गेले.

मग परवीननी काहीतरी विचारलं आणि बोट वर झालं नाही. काका खिडकीकडे बघत बोलू लागले. हळू, पण न थांबता. परवीननी पेन खाली ठेवलं.

काका पाणी प्यायला गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"ते त्यांनी फक्त मला सांगितलं," परवीन म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर कसं वाटतं, असं विचारलं होतं. प्रश्न नीट कळतो, एवढं लिही."

मी काकांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले.

"मराठीत नसतं जमलं गं," ते म्हणाले. "मुलगा रोज विचारतो, बाबा, बरं आहे ना? मी म्हणतो, मजेत. तो बिचारा ट्रेन पकडायला पळत असतो." बस दिसू लागली तसे ते म्हणाले, "हे प्रश्न एकदाच विचारतात का?"

पेशंटना आम्ही आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारणार होतो, उत्तरं टिकतात का बघायला. काका पेशंट नव्हते.

"पुन्हा विचारतात," मी म्हटलं. "गुरुवारी या."

हे परवीनना कसं सांगावं, या विचारात मी वर आले. त्यांनी डायरी माझ्यापुढे सरकवली. महिन्यातल्या प्रत्येक गुरुवारी, अकरा वाजता, एकच नाव फारसी अक्षरांत लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही. विचारावंही लागलं नाही.