पानांची सोयरीक

पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात कोणी आलं की नाना आधी त्याला पाणी देतात आणि मग विचारतात, "कुंडली आनी का?" नवखा माणूस गोंधळतो. आपण चुकून ज्योतिषाकडे आलो की काय म्हणून बाहेर जाऊन पाटी वाचून येतो. पाटीवर तर 'डीटीपी व डिझायनिंग' असंच असतं.

कुंडली म्हणजे पानाचा आकार, फॉन्ट आणि मार्जिन. दोन फाईली एकत्र करायच्या म्हणजे नानांच्या मते सोयरीकच. "आकार म्हंजे घराणं, फॉन्ट म्हंजे बोली, नि मार्जिन म्हंजे सासूनं सोडेल जागा." एखाद्या फाईलीचा फॉन्ट आमच्या संगणकात नसला की ते खरंच हळहळतात, "हाई पोर आठे मुकीच ऱ्हाई." नाहीच जुळलं तर गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवतात. हा धंदा कसा चालतो हे मला अजून समजलेलं नाही, आणि मी बी.कॉम. आहे.

बी.कॉम. मुद्दाम सांगतो. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच. प्रकाशा गावाहून रोज एसटीने शहाद्याला नानांच्या दुकानात कामाला येतो. नाना मला नावानं हाक मारत नाहीत. "ग्रॅज्युएट, शटर उचल." शटर उचलतानासुद्धा मला बरं वाटतं.

यंदा आमच्या समाजाचं वधू-वर पुस्तक नानांकडे आलं. वधूंची फाईल वेगळी, वरांची वेगळी. वरांमध्ये मीही होतो. दरवर्षी असतो. फोटो तोच छापतात, कारण त्यात केस जास्त आहेत.

जोडणीचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. नानांनी कुंडली तपासून "जुळनं" म्हटलं आणि मी वरांची पानं ओढून वधूंच्या फाईलीत सोडली. दोन्हीकडे मास्टर पानाचं, म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप उमटणाऱ्या पट्टी-चौकटीच्या साच्याचं, नाव एकच होतं. अशा वेळी यजमान फाईलीचं मास्टर पाहुण्या पानांवर चढतं. हे ना नानांच्या लक्षात आलं, ना माझ्या पदवीच्या. तेवढ्यात नानांची सून रेखा डबा घेऊन आली. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

"सर, तुम्ही नवरी कव्हय व्हयनात?"

माझ्या मिशीवाल्या फोटोच्या डोक्यावर गुलाबी पट्टीत 'वधू' लिहिलेलं होतं.

नाना गंभीरपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अशानं तरी फोन येई."

ते सगळं निस्तरलं. मग एकच फाईल उरली, पुनर्विवाहाच्या वधूंची. ती काही नाना जोडू देईनात. आज म्हणायचे, मार्जिन जुळत नही. उद्या म्हणायचे, आकार कमी पडस. पुस्तक काढणाऱ्या समाजाच्या मंडळाचे फोन सुरू झाले: पुस्तक आता छापखान्यात गेलं नाही तर वधू-वर मेळाव्यात मिळणार नाही, ती फाईल राहू द्या. नाना लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ देऊ."

मी फाईल उघडून आकार, फॉन्ट, मार्जिन एवढंच पाहिलं. सगळं तंतोतंत जुळत होतं. म्हणून मी भांडलो, शिकलेला माणूस भांडतो तसा, मुद्देसूद. नाना चहाला निघून गेले.

रेखा डबा घेऊन दारातच उभी होती. "सर, त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "त्यात मन्हं पान शे."

नानांचा मुलगा मागे महामार्गावरच्या अपघातात गेला. तेव्हापासून घरात सासरा आणि सून, दोघंच.

"मी नकोच म्हने," रेखा सांगू लागली. "नानाच मागे लागनात. फोटोबी त्यासनीच काढा. आते मन्हं मन व्हयनं, तर त्यासना हात चालत नही." ती हसली, पण डबा तिनं छातीशी धरलेला होता. "हाई पुस्तक गयं म्हंजे मन्हं आखो एक वरीस गयं, सर."

नाना आले. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. मला म्हणाले, "ऊठ." माझ्या खुर्चीत बसून त्यांनी ती फाईल उघडली. मंडळानं ही पानं शेवटी टाकायला सांगितली होती. नानांनी एकेक पान उचलून इतर वधूंच्या पानांमध्ये नेऊन ठेवलं. रेखाचं पान पुढे घेतलं. खाली 'संपर्क: सासरे' आणि त्यांचा नंबर होता. ते दोन्ही त्यांनी पुसलं.

"ग्रॅज्युएट, आठे तुन्हा नंबर टाक."

"मन्हा कसाले?"

"लोके फोन करतीन. इचारतीन, पोर कशी शे." ते पडद्याकडेच बघत होते. "माले बोलता येवाव नही."

मी नंबर टाकला. त्याच्या आधी नातं लिहायचं होतं. मी जरा रेंगाळलो, बी.कॉम. झालेल्यालाही स्वप्नं पडतात. नानांनी कीबोर्ड ओढून स्वतःच टाईप केलं: भाऊ.

परवा खांडबाऱ्याहून फोन आला. मुलगा शेती करतो, त्याचीही बायको वारलेली. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "हो, भाऊच बोलतोय." शेजारी नाना एक लग्नपत्रिका लावत होते. त्यांनी हळूच उठून घरघरणारा पंखा बंद केला आणि परत जाग्यावर येऊन बसले.