दगडूतात्यांचा श्रद्धांजलीचा फोटो

आमचे शेजारी दगडूतात्या दरवर्षी दिवाळी झाली की गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीची टोपी घालून स्टुडिओत जातात आणि स्वतःच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो काढून येतात.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कपातला अर्धा चहा बशीत सांडला. तात्यांनी नुसता फोटो नाही, आख्खा फ्लेक्सच स्टुडिओतून कागदावर छापून आणला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दोन समया, मध्ये तात्या हसतायत. तारखेची जागा तेवढी मोकळी.

"अहो तात्या, काय हे अभद्र!" मी ओरडलोच.

"अभद्र काय त्यात? तारीख पोरं टाकतील. तुमी फकस्त सांगा सर, मानूस मीच दिसतो का न्हाई?"

दिसत होते. नाकावर हरभऱ्याएवढा मस, सुपाएवढे कान, वरचे दोनच दात. स्टुडिओवाल्याला त्यांनी दमच भरला होता, "मस पुसलास तर मेल्यावर रोज येऊन तुज्या दुकानात बसंन. जसं हाय तसं ठेव."

तात्या कारखान्यात फिटर होते. आता रिटायर झाल्यावर ते राहुरीच्या चौकातले फ्लेक्स तपासतात. एकदा एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. गडी मुळात सावळा, गालांवर मुरमांचे खड्डे. फ्लेक्सवर मात्र दुधानं आंघोळ केल्यासारखा. नेमका तोच मोटारसायकलवरून आला. तात्यांनी आडवा हात घालून गाडी थांबवली, भर चौकात त्याची हनुवटी धरली आणि तोंड वर फ्लेक्सकडे वळवलं.

"बाळ्या, तू तर हितं हायस. मग वर टांगलाय त्यो कोन?"

बाळ्याची चार पोरं अंगावर धावून आली. मी हातापाया पडून तात्यांना सोडवलं. घरी येईपर्यंत मी मागे वळून वळून बघत होतो आणि तात्या खिशातले शेंगदाणे खात होते.

एकदा आमच्या सौभाग्यवतींनी स्टेटसला स्वतःचा फोटो ठेवला. मोबाईलनं त्यांचं वय वीस वर्षांनी आणि वजन वीस किलोंनी उतरवलं होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर तो बघून तात्या फाटकाशी हजर. "वैनी, ह्या कोन बाई? पाव्हनी आली का तुमच्यात?" सौभाग्यवतींनी आठ दिवस अबोला धरला. तात्यांशी नाही, माझ्याशी. मी हसलो म्हणून.

इथवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात कहर झाला. गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांचा दहावा होता. मंडपात त्यांचा गुळगुळीत केलेला, हार घातलेला फोटो ठेवला होता. तात्या पुढे गेले, हात जोडले, फोटोकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यो आपला म्हातारा न्हाई. दुसरा फोटो लावा."

रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. मी तात्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. "तात्या, काही जनाची नाही तर मनाची! मेलेल्या माणसाच्या दारात असं बोलतात?"

तात्या भांडतील असं वाटलं होतं. ते खाली बघून म्हणाले, "माजी म्हातारी अशीच पुसली सर त्यांनी."

मी त्यांचा दंड सोडला. तात्यांच्या बायकोला, सगुणाकाकूंना, हनुवटीवर आणि ओठाखाली कोड होतं. चारचौघांत त्या पदर तोंडाशी धरूनच वावरायच्या. फोटो म्हटलं की स्वयंपाकघरात पळायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा घरात आधार कार्डाशिवाय त्यांचा फोटोच नव्हता. फ्लेक्सवाल्यानं सवयीप्रमाणे तो साफ केला. कोड गेलं, गाल गोरे झाले. दहा दिवस चौकात कुणी भलतीच बाई टांगलेली होती. आणि मी, एवढा शिकलेला प्राध्यापक, तात्यांना म्हणालो होतो, "काकू किती सुंदर दिसतायत!" आता आठवून माझी मलाच लाज वाटली.

घरी येऊन मी मोबाईलमधले जुने फोटो उपसले. आमच्या नातवाच्या बारशाच्या एका फोटोत, अगदी कडेला, सगुणाकाकू सापडल्या. घुगऱ्यांचं मोठं पातेलं उचलून आणताना कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसत होत्या. दोन्ही हात पातेल्याला, त्यामुळे पदर धरायला हातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो फोटो पडद्यावर मोठा करून माझा मोबाईल तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग काचेवर बोट टेकवून म्हणाले, "व्हय. ओठाखाली पन हुतं. मी इसरत चाललो हुतो सर. डोळं मिटलं की ती फ्लेक्सवालीच फुडं यायची."

"काकू लाजायच्या फार," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"लाजत न्हवती. पोरीच्या लग्नात फोटोवाल्यानं हाक मारली, तवा चांगली उठली हुती. मीच म्हनलो, पाव्हनं बघतील, तू आत थांब. ती थांबली." तात्यांनी काचेवरचं बोट उचललं. "पुन्हा कवा फोटोला भाईर आलीच न्हाई."

भर चौकात लोकांच्या हनुवट्या धरणारा हा माणूस आपल्याच बायकोला असं बोलला होता, हे मला खरंच वाटेना. रागही आला आणि त्यांच्याकडे बघून तो टिकलाही नाही.

"लई देखनी हुती हो. एकदा बी म्हनलो न्हाई तिला."

तेवढ्यात मोबाईलचा पडदा काळा झाला. तात्या दचकले. "गेली. सर, परत आना."

मी आकडे दाबून फोटो परत आणला. दोन मिनिटांत पुन्हा अंधार. "गेली." पुन्हा आणला. असं पाच-सहा वेळा झालं. दर वेळी ते तितकेच घाबरत होते आणि दर वेळी मोबाईल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरत होते. शेवटी मी त्याचं कुलूपच काढून टाकलं, पडदा विझणार नाही असं करून दिलं आणि मोबाईल त्यांच्यापाशी ठेवून घरी आलो.