जीप वळायला जागा

उत्तर न दिलेलं पत्र कधी जुनं होत नाही. दिलेलं मात्र आठवड्यात फायलीत जाऊन झोपतं. मानोऱ्याच्या शालिग्राम गुरुजींनी एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आलेलं असंच एक पत्र सहा महिने टवटवीत ठेवलं होतं. जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं : ‘आपल्या भागातील ई-क्लास सरकारी जमिनीवर हरणांच्या शिकारीस योग्य जागा पाहून कळवाव्यात.’ (ई-क्लास, म्हणजे सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही.) गुरुजी निवृत्त, त्यातून पुस्तकं वाचणारे, म्हणजे त्यांना हरणं ठाऊक असणारच.

पहिले दोन महिने ‘योग्य’ या शब्दात गेले. योग्य कोणाला, साहेबांना की हरणांना? (हरणांचं मत मागवण्याची पद्धत अजून सुरू झालेली नाही.) विचारावं, तर पुन्हा पत्र लिहिणं आलं, आणि त्यात शुद्धलेखनाची चूक राहिली तर? गुरुजी मुकाट्यानं छत्री घेऊन माळ धुंडाळू लागले. वहीत त्यांनी रकाने आखले : खुरांचे ठसे, लेंड्या, पाणवठा, वाऱ्याची दिशा, जीप वळायला जागा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. साहेबांच्या आधी जीप लागते आणि जीपच्या आधी रस्ता. शेजारच्या एका गावात तीन हंगामांत रस्ता शून्यावरून चार मैल झाला आणि हरणं चाळिसांवरून शून्य. (मैलाला दहा हरणं. दर वाजवी आहे.)

एका माळावर गुरुजींना एकोणीस हरणं दिसली. एक पाडस छत्रीकडे टक लावून बघत राहिलं. संकोच गुरुजींनाच वाटला. ते मागे फिरले. त्या दिवशीचे रकाने कोरे राहिले.

पत्राची बातमी वरच्या तांड्यावर पोचली, तसा तिथला नायक भाऊसिंग येऊन ओट्यावर बसला.

“गुर्जी, आमचा तांडा लिहा.”

“तिथं हरीण कुठं हाये, भाऊसिंग?”

“शाळा तरी कुठं हाये? पण कागदावर हाये ना! हीर हाये, दवाखाना हाये. मंग येक हरीणच कायले खरं पाह्यजे?”

गुरुजींना या युक्तिवादात व्याकरणाची चूक सापडेना.

“अन् साहेबाले हरीण नाही दिसलं तं?”

“शिकारीत कोणाले रोज दिसते? पुढच्या साली येतीन. रस्ता थोडीच गुंडाळून नेतीन!” मग त्याचा आवाज उतरला. “सुनेचे फागुनात दिवस भरतात, गुर्जी. मागच्या खेपेले खाटेवर घालून पाच मैल नेली. लेकरू वाटेतच गेलं.”

गुरुजींनी दौत उघडली. चार कागद फाडल्यावर पाचव्यावर मजकूर उतरला : ‘वरच्या तांड्याची ई-क्लास जमीन सर्वांत योग्य वाटते. रस्ता नसल्यामुळे तेथे आजवर एकही हरीण मारले गेलेले नाही.’ तीनदा वाचूनही त्यांना त्यात खोटं काही आढळलं नाही. भाऊसिंगनं हरणांची संख्याही घालायला सुचवलं. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला.

दोघं पेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र आत पडलं.

ती एकोणीस हरणं नक्की कोणत्या माळावर आहेत, हे ज्या वाचकांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी साध्या कागदावर अर्ज करावा. सोबत आपल्या बंदुकीच्या परवान्याची नक्कल जोडावी.