थापेमागची टक

ठाकुर्ली पूर्वेला गुन्हे फारसे होत नाहीत, याचं श्रेय सुधीर टिपणीस स्वतःकडे घेत. भेदक नजर, तिखट कान आणि मांजराची चाल, असं ते स्वतःचं वर्णन करीत. नजरेत मोतीबिंदूची सुरुवात होती, चालीला गुडघ्याचा पट्टा होता. कान मात्र शाबूत आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात एक चप्पलचोर रंगेहाथ पकडला होता. तो इस्त्रीवाला निघाला, आणि चपला त्याच्याच. हे सगळं टिपणिसांना मनातून ठाऊक होतं, पण निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

म्हणूनच शेजारचा सिद्धेश गमरे दारात येऊन "काका, लफडा झालाय" म्हणाला, तेव्हा ते अर्धी पोळी टाकून उठले.

लफडा असा होता. सिद्धेशचे वडील चांगदेव दरवर्षी भीमजयंतीच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवत. यंदा जिन्यात पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नशीब एवढंच, की पडण्याच्या आदल्या रविवारी सिद्धेशने घरच्या माइकवर बाबांच्या ढोलकीचे बोल एकेक करून रेकॉर्ड केले होते. ते त्याने कीबोर्डला जोडले. आता पट्टी दाबली की चांगदेवांची थाप. त्यावर त्याने जयंतीचं गाणं बांधलं होतं आणि ते संध्याकाळी साउंडवाल्याकडे पोचवायचं होतं. हात नाही, तर निदान आपली थाप तरी मंचावर जावी, एवढीच चांगदेवांची इच्छा होती. पण मुख्य थापेच्या शेपटीला एक बारीक 'टक' ऐकू येत होती. एकदा नव्हे, गाणंभर, प्रत्येक थापेला.

"घाबरू नकोस," प्लास्टरचा हात उशीवर टेकून बसलेल्या चांगदेवांशेजारी पलंगावर बसत टिपणीस म्हणाले. त्यांनी खिशातून अडकित्ता काढला. सुपारीशिवाय त्यांचं डोकं चालत नसे.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या विनिताबाईंवर गेला. टिपणीस वर गेले आणि बाई आलं कुटत असतानाच त्यांचा खलबत्ता जप्त करून आले. गाणं लावलं. टक. मग पंखा बंद केला. घाम आला, टक राहिली.

"काका, आवाज आत्ताचा नाहीये," सिद्धेश म्हणाला. "त्या रविवारी रेकॉर्डिंगमध्येच आलाय."

"तेच म्हणतोय मी केव्हाचा," जे अजिबात म्हणत नव्हते ते टिपणीस म्हणाले. "घातपात! खोलीत कोण कोण होतं?"

"बाबा, मी आणि तुम्ही."

"मला सोड. मी तोंडातून ब्र काढला नव्हता, श्वाससुद्धा जपून घेत होतो. म्हणजे बाहेरचा माणूस. तो पलीकडच्या बिल्डिंगमधला अपूर्व! त्याचंही गाणं आहे ना कार्यक्रमात?"

"काका, हा कीबोर्ड त्यानेच वापरायला दिलाय."

"बघ! आधी विश्वास संपादन करायचा!"

तेवढ्यात सिद्धेशची आई, कांताबाई, चहा घेऊन आल्या. "बंद कर रे ते जरा. डोकं उठलं माझं."

सिद्धेशने गाणं थांबवलं. खोली शांत झाली. आणि त्या शांततेत स्पष्ट आवाज आला. टक.

टिपणीस ताडकन उठले. "ऐकलंत? गाणं बंद, तरी टक! गुन्हेगार या खोलीतच आहे! दार लावा!"

"भावजी, चहा घ्या," कांताबाई म्हणाल्या. "पण आधी तो अडकित्ता खाली ठेवा."

टिपणिसांनी आपल्या हाताकडे पाहिलं. सुपारीचं खांड नुकतंच कातरून झालं होतं. त्या रविवारी तोंड मिटून बसण्याच्या नादात हात चालूच राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खराखुरा गुन्हेगार सापडला होता, आणि गुडघ्यामुळे त्याला पळताही येत नव्हतं.

"गमरे," त्यांचा आवाज पडला, "तुमची थाप मीच नासवली हो." त्यांना खरोखर फार वाईट वाटलं.

"टेन्शन नका घेऊ काका, शेपूट उडवतो," म्हणत सिद्धेशने टक कापली. तिच्याबरोबर थापेचा घुमाराही गेला. पुठ्ठ्याचा खोका बडवल्यासारखा आवाज येऊ लागला.

चांगदेवांनी मान हलवली. "ही माझी नाही. पहिलीच लाव."

"बाबा, त्यात टक आहे."

"असू दे. आजवर प्रत्येक तालमीला हा माणूस माझ्या शेजारी बसून सुपारी कातरत आलाय. टक कधी नव्हती?"

जयंतीच्या संध्याकाळी मंचावरून नावं पुकारली गेली. "ढोलकी, चांगदेव गमरे. अडकित्ता, सुधीर टिपणीस." लोक हसले. मग थाप घुमली, मागोमाग टक वाजली, आणि पुढे बसलेली पोरं नेमकी त्या टकेवर टाळ्या देऊ लागली. टिपणिसांचा हात सवयीने खिशात गेला. खिसा रिकामा होता. हेमाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मुद्देमाल घरीच जप्त केला होता.

शेजारच्या खुर्चीत डाव्या हाताने मांडीवर ठेका धरलेले चांगदेव त्यांच्याकडे वाकले. "पुढच्या वर्षी हात बरा होईल माझा."

"मग मी तालमीला लांब बसेन."

"लांब बसलात तर माझा ठेका चुकेल, टिपणीस."

टिपणिसांनी चष्मा काढून डोळे पुसले. मैदानात धूळ फार आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तोही चुकीचाच होता.