सत्तराव्या पानावर सोडलेली कादंबरी

माणसाला छंद असावा, असं सर्व थोर लोक सांगून गेले आहेत. त्यातही लग्नाच्या मुलीला तो अत्यावश्यक आहे. कारण तिच्या माहितीच्या कागदावर उंची, रंग आणि शिक्षण यांच्या खाली 'छंद' अशी एक ओळ असते, आणि ती मोकळी ठेवली तर मुलगी आळशी दिसते.

मी महिपती. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत गेली वीस-बावीस वर्षं लग्नं जमवतो. (माझं गाव डाळज. ते पुणे-सोलापूर रस्त्यावर असल्यामुळं स्थळं दोन्ही बाजूंनी येतात.) अनुभवानं सांगतो, 'वाचन' इतका सोयीचा छंद दुसरा नाही. भरतकाम म्हटलं की रुमाल दाखवावा लागतो. गायन म्हटलं की गाऊन दाखवावं लागतं, आणि मग पाहुणे चहा न पिताच उठतात. वाचन म्हटलं की काहीच करावं लागत नाही. सबब माझ्याकडच्या शंभर मुलींपैकी सत्त्याण्णव मुली वाचन करतात. उरलेल्या तिघींची लग्नं अजून जमायची आहेत. मुलांच्या कागदांवरही हल्ली हाच छंद असतो. एवढी जनता वाचत असताना वाचनालयात दुपारी फक्त एक मांजर कसं असतं, हे मला विचारू नये.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण नव्वद साल उलटलं, घरोघर केबल आली, पोरं एमआयडीसीत लागली आणि मुलाकडची माणसं शहाणी झाली. ती मुलीला विचारू लागली, "मग अलीकडं काय वाचलंत? कसं वाटलं?" दोन-तीन मुली यावर रडल्या. तेव्हा जनहितार्थ मी एक अभिप्राय तयार केला आणि सर्व मुलींना पाठ करायला दिला: "नुकतीच एक कादंबरी वाचली. लेखकानं समाजाचं विदारक वास्तव मांडलं आहे. भाषा ओघवती आहे. शेवट मनाला चटका लावून जातो."

हा अभिप्राय कुठल्याही कादंबरीला बसतो. एका मुलीनं घाबरून तो लोणच्यांच्या पुस्तकाला दिला, तरी लग्न मोडलं नाही. उलट सासू म्हणाली, "पोरगी जाणती हाय." पुढं एका रविवारच्या पुरवणीत मला हाच मजकूर तीन वेगवेगळ्या पुस्तकांविषयी छापलेला आढळला, तेव्हा आपण योग्य मार्गावर आहोत याची खात्री पटली.

अशा या निर्दोष व्यवस्थेला माझ्या सख्ख्या भाचीनं सुरुंग लावला. तिचं नाव प्रगती. निरवांगीला दिलेली माझी बहीण रंगूबाई आणि दाजी गेणू यांची ही थोरली. एस.टी.नं इंदापूरला कॉलेजात जायची. रंग उजळ, हाताला काम, स्वभाव सरळ. एक व्यंग होतं, ते मी कागदावर लिहिलं नव्हतं. पोरगी खरोखरच वाचायची.

आणि वाचायची कशासाठी, तर आनंदासाठी. परीक्षेसाठी वाचलं तर ती विद्या, एकादशीला वाचलं तर ती भक्ती. आनंदासाठी वाचलं तर त्याला आपल्याकडं रकानाच नाही.

इंदापूरच्या वाचनालयातल्या कादंबऱ्यांना खाकी कापडाची बांधणी असायची. तीत पुस्तकाचं नाव गडप व्हायचं आणि नंबर तेवढा उरायचा. त्यामुळं ही पोरगी नंबरानंच बोलायची. जेवताना म्हणायची, "मामा, दोनशे तीन वाचून मला दोन दिस अन्न ग्वाड लागलं न्हाय." किंवा, "एकशे नव्वदमधल्या माणसाला कुणीतरी कामाला लावा. तीनशे पानं नुसता आभाळाकडं बघत बसलाय." शेजारीपाजारी हे ऐकून मटक्याचे आकडे समजायचे. मी मुद्दाम तसंच समजू दिलं, त्यात बदनामी कमी होती.

तिच्यासाठी मी जळोचीचं स्थळ आणलं. मुलगा अविराज, बारामतीच्या एमआयडीसीत परमनंट. (हा शब्द मुलीच्या बापापुढं सावकाश उच्चारावा.) वडील दादासाहेब शांत गृहस्थ. त्यांच्या घरात शेवटचा शब्द मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे कुशाबाईचा. मुलाचा छंद अर्थातच वाचन. एवढं चांगलं स्थळ रंगूबाईच्या दारात पुन्हा येणार नव्हतं, आणि ते हुकलं तर माझी अब्रू दोन्ही तालुक्यांत एकाच दिवशी जाणार होती.

बघायचा कार्यक्रम निरवांगीत झाला. पोहे झाले, नाव झालं, शिक्षण झालं. मग कुशाबाईनं चष्मा पुसून कागद लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद धरायची पद्धत मामलेदाराची होती.

"वाचनाची आवड म्हनं. सध्या काय वाचलंस?"

"चारशे बारा," प्रगती म्हणाली.

"चारशे बारा पुस्तकं?" दादासाहेबांनी बशी खाली ठेवली.

मी घाईनं नंबराचा खुलासा केला. मग भाचीकडं बघून घसा खाकरला, म्हणजे 'विदारक वास्तव' सुरू कर अशी खूण केली. पोरगी म्हणाली, "मला न्हाय आवडली. बाई रोज खिडकीशी हुबी ऱ्हाती, नवरा रोज टाकून बोलतो, ती रोज रडती. सत्तर पानं वाट बघितली. मग दिली सोडून."

कुशाबाईनं कागद खाली ठेवला. "सोडून दिली?"

"व्हय. आमच्या आज्याची मेंढरं हुती, आत्या. झुडपात काय न्हाय म्हणल्यावर मेंढरू फुडं जायाचं. त्याला कुणी नावं ठिवली न्हाईत."

पाहुण्यांनी निघताना "कळवतो" म्हटलं. त्यांनी काय कळवलं ते ऐका. मुलगी पसंत, घर पसंत, पण ज्या पोरीला पुस्तक पटलं नाही म्हणून सोडता येतं, तिला उद्या घर पटलं नाही तर? कुशाबाईचा मुद्दा असा, की जी कादंबरीत नांदली नाही, ती घरात काय नांदणार. मी पुष्कळ विचार केला, पण या तर्कात मला कुठं फट सापडेना.

तोडगा म्हणून मी सुचवलं की प्रगतीनं राहिलेली दोनशे अठ्ठेचाळीस पानं वडीलधाऱ्यांसमोर पूर्ण करावी. तिनं साफ नकार दिला. मग दुसरा तोडगा निघाला. सदर कादंबरीची चौकशी व्हावी आणि ती मुलाकडच्यांनी करावी. तिचा छंद वाचन, तसा मुलाचाही वाचनच. मी स्वतः चारशे बारा नंबर इंदापुरातून काढून जळोचीला पोचता केला. एखाद्या कादंबरीसाठी माणसानं दोन एस.ट्या बदलल्याचं हे आमच्याकडचं एकमेव उदाहरण असावं.

आठ दिवसांनी जळोचीत बैठक भरली. अविराजनं उभं राहून निवेदन केलं, "लेखकानं समाजाचं विदारक वास्तव मांडलं आहे. भाषा ओघवती आहे..." मी छताकडं पाहिलं. (मुलांच्या बाजूचाही अभिप्राय माझाच होता. दुसरा तयार करायला वेळ झाला नव्हता.)

"त्ये ऱ्हाऊ दे," कुशाबाई म्हणाली. "शेवट काय झालं ते वाचून दाव."

त्यानं शेवटचं पान वाचलं. त्यात ती खिडकीतली बाई पिशवी भरते, दार ओढून घेते आणि निघून जाते.

"अगं बया! गेली?"

"गेली."

"आन माघारी न्हाय आली?"

"आत्या, पुस्तक संपलं."

कुशाबाईनं पुस्तक हातात घेऊन मिटलं. मग तिनं निकाल दिला, तो कुठल्याही कोर्टानं जपून ठेवावा. ही कादंबरी बायकांना बिघडवणारी आहे. प्रगतीनं ती सत्तराव्या पानावर सोडली, म्हणजे नवरा टाकून जायच्या पानापर्यंत ती पोचलीच नाही. पोरगी संस्काराची आहे. स्थळ पक्कं.

मी निरवांगीला पेढे घेऊनच गेलो. दाजींनी बैलपोळ्याला आणावा तसा नवा फेटा आणला. पण प्रगती म्हणाली, मला मुलाशी दोन शब्द बोलायचेत. हल्ली हे चालतं. पुढच्या आठवड्यात मुलाकडची माणसं आली, तेव्हा दोघांना जर्सी गाईंच्या गोठ्यापाशी उभं करण्यात आलं आणि रीतीप्रमाणं मी पाच हातांवर पाठ करून उभा राहिलो. (पाठ केली तरी कान जागेवरच राहतात.)

"सगळी वाचली तुमी?" तिनं विचारलं.

"सगळी. तीनशे अठरा पानं."

"आवडली?"

"न्हाय." पोरगा खोटं बोलणारा नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगेन.

"आवडत न्हाय हे कितव्या पानाला कळलं?"

त्यानं थोडा विचार केला. "दुसऱ्या."

"मग?"

"मग काय? हातात घेतल्याव पुरी करायला नगं? कंपनीचंबी तसंच. पयल्याच दिवशी कळलं हुतं. आता परमनंट हाय."

मी हळूच मान वळवून पाहिलं. प्रगती त्याच्याकडं पाहत राहिली. तिला त्याचा राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती घरात गेली आणि पाहुणे बाहेर असतानाच आईला म्हणाली, "आये, माणूस चांगला हाय. पण मी न्हाय जायाची. मी आवडले न्हाय तरी तो मलाबी पुरी करंल."

मी समजावलं, दरडावलं, हातसुद्धा जोडले. म्हटलं, परमनंट आहे गं. पाहुणे 'कळवा' म्हणून गेले, तेव्हा शेवटी बहिणीला म्हणालो, तू सांग तिला. रंगूबाई बाजारच्या मेथीच्या जुड्या बांधत होती. हातातली जुडी बांधून झाल्यावर म्हणाली, "दादा, तिला जबरी करू नगंस. मला पयल्याच सालाला कळलं हुतं. कुणी इचारलं न्हाय. म्या आपली पुरी करतीया."

दाजी दारातच ठिबकची नळी जोडत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वर केली नाही.

बहिणीच्या या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. तिचं लग्न हे मी जमवलेलं पहिलं लग्न. त्यानंतर आजतागायत एकही तक्रार माझ्याकडं आलेली नाही. नवीन स्थळांना मी दाखला म्हणून तेच घर दाखवतो. जळोचीकरांना निरोप माझ्याच तोंडानं द्यावा लागला, आणि त्या दिवशी पुन्हा नेलेले पेढे मी डाळजपर्यंत एकट्यानं खाल्ले. प्रगती सध्या चारशे तेरा वाचते आहे. कशी आहे ते अजून बोललेली नाही.

तर असा हा प्रकार. वाचकहो, तुम्हाला ही गोष्ट नेमकी कुठल्या ओळीपासून आवडेनाशी झाली, ते तुम्ही जाणता. बहुधा दुसऱ्याच परिच्छेदात. तरीही तुम्ही इथवर आलात, मध्ये सोडली नाहीत. अशी माणसं हल्ली शोधून सापडत नाहीत आणि अविराजचं अजून जमायचं आहे, म्हणून तुमचं नाव मी लिहून घेणारच होतो. पण मग लक्षात आलं, तुमचं लग्न झालेलं असणार. कसं चाललंय, ते काही मी विचारत नाही.